शेवट कोण लिहितो? : मासिक, सिनेमा आणि मालिका वाचण्याची आंबेडकरी रीत

पत्रकारितेच्या आणि माध्यमशास्त्राच्या वर्गात आमच्या मुलामुलींना एक वाक्य हमखास ऐकावे लागते : "प्रत्येक ठिकाणी जात शोधू नका." चित्रपटाचे रसग्रहण करताना प्रकाशयोजनेवर लिहा, संकलनावर लिहा, प्रतीकांवर लिहा, सगळे चालते. पण या कथेतला दलित माणूसच शेवटी का मरतो, असा प्रश्न टाकला की ते विषयांतर ठरते. कॅमेरा कुठे ठेवला हे विचारायचे, पण तो कोणाच्या हातात आहे हे विचारायचे नाही, असा हा अलिखित नियम आहे.

आमचे म्हणणे स्पष्ट आहे. हे विषयांतर नाही, हाच विषय आहे. आणि हा प्रश्न आम्ही कालपरवा एखाद्या परदेशी पुस्तकातून उचललेला नाही. माध्यमांची चिकित्सा ही आंबेडकरी चळवळीची शंभर वर्षांहून जुनी परंपरा आहे.

पहिला माध्यम-अभ्यासक

३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघाला. राजर्षी शाहू महाराजांनी त्यासाठी अडीच हजार रुपयांची मदत केली होती. बाबासाहेब तेव्हा सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक होते, त्यामुळे संपादक म्हणून पांडुरंग नंदराम भटकर यांचे नाव होते. पहिल्या अंकातला अग्रलेख मात्र बाबासाहेबांचा. आपल्यापैकी बहुतेकांनी तो वाचला आहे, पण माध्यम-समीक्षेचा लेख म्हणून किती जणांनी वाचला?

तो पुन्हा उघडून पाहा. बाबासाहेब तिथे मुंबई इलाख्यातल्या वृत्तपत्रांची पाहणी करतात. बहुतेक पत्रे विशिष्ट जातीचेच हित पाहतात आणि इतरांच्या हिताची त्यांना पर्वा नसते, हा त्यांचा निष्कर्ष. पण ते सरसकट शिव्या देत नाहीत. 'दीनमित्र', 'जागरूक', 'विजयी मराठा', 'ज्ञानप्रकाश', 'सुबोध पत्रिका' यांसारखी पत्रे बहिष्कृतांच्या प्रश्नांची चर्चा करतात, याची ते नावानिशी नोंद घेतात. त्यांचा मुद्दा असा की, दुसऱ्याच्या पत्रात मिळणारी जागा आपल्या प्रश्नाला पुरणार नाही. उपलब्ध माध्यमे तपासणे, त्यांचे वर्गीकरण करणे, अपवाद मान्य करणे आणि मग स्वतःच्या माध्यमाची गरज सिद्ध करणे ही त्यांची पद्धत होती. आज विद्यापीठात ज्याला माध्यम-विश्लेषण म्हणतात, ते याहून वेगळे काय असते?

त्याच सुमारास 'केसरी'ने 'मूकनायक'ची जाहिरात पैसे देऊनही छापायला नकार दिला. 'केसरी'कार टिळक तेव्हा हयात होते. 'मूकनायक'वर टीका करायचीही गरज पडली नाही, फक्त त्याचे नाव वाचकांपर्यंत पोहोचू दिले नाही. वृत्तपत्राचे काम छापणे हे जसे असते तसे न छापणे हेही असते, हा धडा आमच्या चळवळीने पहिल्याच वर्षी घेतला.

म्हणूनच बाबासाहेबांनी पत्र बंद पडले की दुसरे काढले. महाडच्या चवदार तळ्यानंतर दोनच आठवड्यांनी, ३ एप्रिल १९२७ रोजी 'बहिष्कृत भारत' निघाला. त्याचे रकानेच्या रकाने त्यांना एकट्याने भरावे लागत. पुढे 'समता', १९३० साली 'जनता' आणि १९५६ साली 'प्रबुद्ध भारत'. १९४३ साली पुण्यात रानड्यांवर बोलताना त्यांनी भारतीय पत्रकारितेला खडे बोल सुनावले. पूर्वी हा पेशा होता, आता व्यापार झाला आहे आणि साबण बनवणाऱ्या धंद्याइतकीही नैतिक जबाबदारी त्याला उरलेली नाही, असा त्या भाषणाचा रोख होता. आपल्या इंग्रजी लेखनात तर त्यांनी देशातल्या मुख्य वृत्तसंस्थेचे कर्मचारी कोणत्या जातीतून येतात, हेही दाखवून दिले.

हा शेवटचा मुद्दा पुढे कसा खरा ठरला पाहा. १९९६ साली बी. एन. उनियाल या पत्रकाराने दिल्लीत एक तरी दलित पत्रकार सापडतो का, याचा शोध घेतला आणि मान्यताप्राप्त पत्रकारांत त्यांना एकही सापडला नाही. २००६ साली अनिल चमडिया, जितेंद्र कुमार आणि योगेंद्र यादव यांनी दिल्लीतल्या ३७ माध्यमसंस्थांमधल्या ३१५ निर्णयकर्त्या पत्रकारांची पाहणी केली. त्यात ७१ टक्के उच्चवर्णीय हिंदू पुरुष होते, दलित किंवा आदिवासी एकही नव्हता. २०१९ साली ऑक्सफॅम आणि न्यूजलॉन्ड्री यांच्या अहवालात वृत्तकक्षांच्या नेतृत्वाच्या १२१ जागा तपासल्या, त्यांतल्या १०६ उच्चवर्णीयांच्या निघाल्या. याच अहवालात १२ नियतकालिकांची मुखपृष्ठे पाहिली गेली. मुखपृष्ठावर जागा मिळालेल्या ९७२ लेखांपैकी जातीच्या प्रश्नावरचे लेख होते फक्त १०. आता सांगा, जात कोण शोधतो आणि जात कोण लपवतो?

साधनेतला एक लेख

मासिके-साप्ताहिके कशी वाचावीत याचे सगळ्यात चांगले उदाहरण १९७२ सालचे आहे. १५ ऑगस्टच्या 'साधना'च्या अंकात राजा ढाले यांचा 'काळा स्वातंत्र्यदिन' हा लेख आला. स्वातंत्र्याला पंचवीस वर्षे झाली होती आणि परभणी जिल्ह्यातल्या ब्राह्मणगावात दलित स्त्रियांची विटंबना झाली होती. ढाले यांनी राष्ट्रध्वजाच्या अपमानाला होणारी शिक्षा आणि दलित स्त्रीच्या विटंबनेला होणारी शिक्षा शेजारी शेजारी ठेवून प्रश्न विचारला.

वादळ उठले. पण कशावरून? ध्वजाबद्दल वापरलेल्या शब्दांवरून. ब्राह्मणगावची स्त्री त्या चर्चेतून बघता बघता नाहीशी झाली. अत्याचार बाजूला पडतो आणि अत्याचाराविषयी बोलणाऱ्याची भाषा हा प्रश्न बनतो, ही माध्यमांची रीत तेव्हाही होती, आजही आहे. २००६ साली खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली, तेव्हा सुरुवातीच्या बातम्यांत जातीपेक्षा अनैतिक संबंधांची चर्चा जास्त होती. जातीय अत्याचार हा शब्द लोक रस्त्यावर उतरल्यानंतर ठळक झाला. आमचे तरुण रस्त्यावर आले, तेव्हा काही जणांना ते तरुणच बातमी वाटले.

म्हणूनच गंगाधर पानतावणे यांचे 'अस्मितादर्श' असो की ढाले यांची अनियतकालिके असोत, त्यांना केवळ साहित्याची मासिके म्हणणे अपुरे आहे. काय छापायचे आणि शब्द कोणते वापरायचे, हा अधिकार त्यांनी स्वतःकडे घेतला.

पडद्यावरचा मुका

आता सिनेमाकडे वळू. इथे आम्ही एक साधी कसोटी वापरतो. चित्रपटाच्या वर्षी प्रत्यक्ष समाजात काय चालले होते ते पाहायचे आणि मग चित्रपटाचा शेवट पाहायचा.

१९३६. बॉम्बे टॉकीजचा 'अछूत कन्या' आला. ब्राह्मण तरुण प्रताप आणि रेल्वे फाटकावरच्या अस्पृश्य माणसाची मुलगी कस्तुरी यांचे प्रेम. लग्न होत नाही. शेवटी कस्तुरी येणारी गाडी थांबवायला धावते आणि तिच्याखाली मरते. तिचे स्मारक उभे राहते. देविका राणी आणि अशोक कुमार यांचा हा चित्रपट पुरोगामी म्हणून गाजला. आता त्या वर्षाकडे पाहा. आदल्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये येवल्याला हिंदू म्हणून मरणार नाही ही घोषणा झाली होती. १९३६ च्या मे महिन्यात बाबासाहेबांनी लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने होऊ न दिलेले भाषण 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट' म्हणून स्वखर्चाने छापले आणि त्याच महिन्याच्या अखेरीस मुंबईत महार परिषद भरली. बाहेर अस्पृश्य माणूस धर्म सोडायची भाषा करत होता आणि पडद्यावर तो इतरांचा जीव वाचवून मरत होता. मेल्यावर त्याची पूजा करायला कोणाचीच हरकत नव्हती.

१९५९. बिमल रॉय यांचा 'सुजाता'. ब्राह्मण घरात वाढलेली अस्पृश्य मुलगी. आई तिला पोटच्या मुलीसारखी मानते, पण 'सारखी'च. शेवटी आई जिन्यावरून पडून जखमी होते, रक्त फक्त सुजाताचे जुळते आणि आईचे मन बदलते. नूतनचा अभिनय अप्रतिम आहे, रॉय यांच्या हेतूवर आमचा संशय नाही. पण चित्रपट काय सांगतो? माणूस म्हणून स्वीकारले जायचे असेल तर आधी रक्त द्या. ज्या वर्षी हा चित्रपट आला त्या वर्षी धम्मदीक्षेला तीन वर्षे होत होती आणि दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीन माणसे जमिनीसाठी तुरुंगात जात होती. स्वीकार मागणे त्यांनी कधीच सोडून दिले होते. ते हक्क मागत होते.

१९७४. श्याम बेनेगल यांचा 'अंकुर'. समांतर सिनेमाचा मैलाचा दगड, जमीनदारीवर थेट बोट ठेवणारा. त्यातला दलित नवरा किश्तय्या मुका-बहिरा आहे. शेवटी जमीनदार त्याला चाबकाने फोडून काढतो, बायको लक्ष्मी शिव्याशाप देते आणि एक लहान पोरगा हवेलीच्या खिडकीवर दगड भिरकावतो. भविष्यात कधीतरी बंड होईल, अशी सूचना. पण त्याच वर्षाच्या जानेवारीत वरळीत दंगल पेटली होती, पँथर भागवत जाधव शहीद झाला होता. बंड भविष्यात नव्हते, मुंबईच्या बीडीडी चाळीत चालू होते. त्या चाळीतली माणसे मुकी नव्हती. ती फार मोठ्याने बोलत होती, म्हणून तर त्यांच्यावर लाठ्या पडत होत्या.

हे तीनही चित्रपट आम्ही टाकाऊ मानत नाही. ते पाहावेत, अभ्यासावेत. पण तीन दशकांतल्या तीन चांगल्या, सहृदय चित्रपटांत दलित माणूस एकदा मरतो, एकदा रक्त देतो आणि एकदा मुका असतो, हा योगायोग नाही. सहानुभूती असलेल्या नजरेलाही आमचा माणूस बोलता झालेला पाहण्याची सवय नव्हती. बाबासाहेबांनी पत्राला 'मूकनायक' नाव दिले ते मुक्यांना वाचा देण्यासाठी. सिनेमाने मुका तेवढा ठेवला.

रविवारची सकाळ

दूरचित्रवाणीचा इतिहास याहून बोलका आहे. १९८१ साली सत्यजित राय यांनी प्रेमचंदांच्या कथेवरून दूरदर्शनसाठी 'सद्गती' केला. दुखी चांभार मुलीच्या सोयरिकीचा मुहूर्त विचारायला पंडिताकडे जातो, उपाशीपोटी लाकूड फोडता फोडता मरतो आणि पंडित त्याचे प्रेत दोरीने ओढत नेतो. ब्राह्मणी क्रौर्याचे इतके थेट चित्र सरकारी दूरचित्रवाणीसाठी तयार झाले, ही गोष्ट लहान नाही.

पण घराघरांत पोहोचले ते दुसरेच. जानेवारी १९८७ पासून जुलै १९८८ पर्यंत रविवारी सकाळी 'रामायण' लागत असे. लोक आंघोळ करून, संचाला हार घालून बसत. सरकारी पैशावर चालणारे माध्यम एका धर्मग्रंथाचे मंदिर झाले.

याच महिन्यांत महाराष्ट्रात काय चालले होते? १९८७ साली महाराष्ट्र शासनाने बाबासाहेबांच्या लेखनाचा चौथा खंड, 'रिडल्स इन हिंदुइझम', प्रसिद्ध केला. त्यातले राम आणि कृष्ण यांच्यावरचे परिशिष्ट काढून टाका, अशी मागणी सुरू झाली. अमरावतीत खंडाची प्रत जाळली गेली. त्याला उत्तर म्हणून फेब्रुवारी १९८८ मध्ये लाखो आंबेडकरी लोक मुंबईत मोर्चाने आले. अखेर परिशिष्ट राहिले, पण शासन या मतांशी सहमत नाही अशी टीप जोडून.

ही दोन दृश्ये शेजारी ठेवा. एकाच देशात, त्याच महिन्यांत, रामकथा शासनाच्या दूरचित्रवाणीवर दर रविवारी विनातक्रार चालते आणि रामकथेची चिकित्सा शासनाच्याच पुस्तकात छापली तर तिच्यासाठी लाखोंना रस्त्यावर यावे लागते. मालिकेखाली मात्र कोणतीही टीप नव्हती. माध्यमशास्त्रात वर्चस्व ही संकल्पना शिकवताना परदेशी विचारवंतांची नावे सांगतात, जरूर सांगावीत. पण मराठी विद्यार्थ्याला वर्चस्व समजावून द्यायला १९८८ चा तो फेब्रुवारी पुरेसा आहे.

खासगी वाहिन्या आल्यावर मालिकांमधून जात गेली असे म्हणतात. ती गेली नाही, ती घराच्या रचनेत शिरली. मराठी मालिकेतले घर पाहा. देव्हारा कोणता, सण कोणते, आडनावे कोणती, स्वयंपाकघरात काय शिजते, मोलकरीण कोणत्या भाषेत बोलते आणि तिच्या बोलीवर हशा का होतो. भिंतीवर बुद्धाची मूर्ती असली तर ती शोभेची वस्तू असते, बाबासाहेबांची तसबीर तर दिसतच नाही. ज्या महाराष्ट्रात लाखो घरांत ती तसबीर आहे, त्या महाराष्ट्राची 'सर्वसामान्य कुटुंबाची गोष्ट' तिच्याशिवाय पूर्ण होते. सर्वसामान्य कोण, हे असे न बोलता ठरते.

२०१९ साली स्टार प्रवाहवर बाबासाहेबांच्या जीवनावरची मालिका आली आणि वस्त्यावस्त्यांत लोक ती पाहायला बसले. त्याचे मोल आहे. पण तिथेही प्रश्न विचारायला हवेत. मालिका अपमानाच्या प्रसंगांना किती भाग देते आणि विचारांना किती? आपल्या डोळ्यांत पाणी आले एवढ्यावर समाधान मानू नका. पाणी 'सुजाता' पाहूनही येते.

दगडाची दिशा

२०१३ साली नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' तयार झाला. 'अंकुर'च्या शेवटी दगड होता, 'फँड्री'च्या शेवटीही दगड आहे. फरक पाहा. 'अंकुर'मधला दगड दुसरेच पोर जमीनदाराच्या खिडकीवर टाकते आणि आपण प्रेक्षक म्हणून सुरक्षित असतो. 'फँड्री'त दगड कथेचा नायक जब्या स्वतः भिरकावतो आणि तो थेट कॅमेऱ्यावर, म्हणजे पाहणाऱ्यावर येतो. त्याआधी मेलेले डुक्कर बांधून नेणारे कैकाडी कुटुंब फुले-आंबेडकरांची चित्रे रंगवलेल्या शाळेच्या भिंतीपुढून जाते. महापुरुष भिंतीवर आले आणि माणूस आहे तिथेच राहिला, हे सांगायला एकही संवाद लागत नाही. ज्याने ते जगणे पाहिले आहे त्याच्याच हातात कॅमेरा आला की शेवट असा बदलतो.

२०१६ च्या 'सैराट'मध्ये पाटलाचा मुलगा भर वर्गात शिक्षकाच्या थोबाडीत मारतो, तेव्हा गावातली सत्ता कोणाची हे कळते. शेवटी आर्ची आणि परश्या दोघेही मारले जातात आणि रक्तात पाय भरलेले लेकरू चालत बाहेर येते. जात आपल्या मुलीलाही सोडत नाही, असे तो शेवट सांगतो. २०१८ साली हिंदीत त्याचा 'धडक' झाला. जात तोंडी लावण्यापुरती उरली आणि शेवटही बदलला. नवरा आणि मूल मरतात, उच्च घराण्यातली मुलगी वाचते. कथा तीच, पण दोन शेवट दोन वेगळे समाज सांगतात.

आणि इतिहास सांगायला गेलो तर? १९५४ साली आचार्य अत्रे यांच्या 'महात्मा फुले' चित्रपटाला राष्ट्रपतींचे रौप्यपदक मिळाले होते. २०२५ साली अनंत महादेवन यांचा 'फुले' आला, तेव्हा काही ब्राह्मण संघटनांच्या आक्षेपानंतर त्याचे प्रदर्शन फुले जयंतीवरून दोन आठवडे पुढे गेले. परीक्षण मंडळाने महार, मांग, पेशवाई हे शब्द काढायला लावले, तीन हजार वर्षांची गुलामी 'अनेक वर्षां'ची करायला लावली. ज्या फुल्यांनी जातीची नावे घेऊन लिहिले, त्यांच्या चित्रपटातून जातीची नावे काढायची! जात शोधू नका, हे वर्गातले वाक्य इथे कात्री होऊन येते.

अभ्यास कसा करायचा

तक्रार करणे सोपे आहे. मोजणे कठीण आहे, पण बाबासाहेबांनी दाखवलेली वाट मोजण्याची आहे. आम्ही तरुण साथींना तीन कामे सुचवतो.

एक, कोणत्याही मासिकाचे किंवा दिवाळी अंकाचे वर्षभराचे अंक घ्या. लेखकांची यादी करा. दलित, आदिवासी, भटके-विमुक्त, मुस्लिम लेखक किती आणि त्यांना कोणत्या विषयावर लिहायला सांगितले ते पाहा. अर्थकारणावर, क्रिकेटवर, खाद्यसंस्कृतीवर आमच्या माणसाला कोणी लिहायला सांगते का, की फक्त १४ एप्रिल आणि ६ डिसेंबरलाच आठवण होते?

दोन, एका मालिकेचे सलग बारा भाग पाहा. आडनावे, व्यवसाय, घरातली देवस्थाने, विनोद कोणाच्या बोलीवर होतो, हे लिहून काढा. मत शेवटी द्या, आधी नोंद करा.

तीन, चित्रपट पाहताना विचारा : दलित पात्र पहिल्यांदा कधी बोलते, कोणाशी बोलते, निर्णय स्वतः घेते की त्याच्यासाठी दुसरा घेतो? आणि शेवटी कोण उरते?

हीच फूटपट्टी आपल्याही माध्यमांना लावा. आपल्या वाहिन्या, आपली मासिके, आपले जयंतीचे विशेषांक यांत स्त्रिया किती लिहितात? चळवळीतल्या स्त्रियांचा इतिहास उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांच्या 'आम्हीही इतिहास घडवला'मधून पुस्तकरूपाने यायला १९८९ साल उजाडावे लागले. चवदार तळ्यावर मात्र स्त्रिया १९२७ सालीच होत्या. पडद्यावर तसबीर दिसली की फोनवर टाळ्यांची चित्रे पाठवून थांबणे, ही चिकित्सा नव्हे.

महाराष्ट्रात ६ जानेवारीला 'दर्पण'च्या स्मरणार्थ पत्रकार दिन साजरा होतो. बाळशास्त्री जांभेकरांचे योगदान आम्ही नाकारत नाही. पण ३१ जानेवारी हा फक्त आपल्या वस्तीतला कार्यक्रम का राहावा? 'मूकनायक'चा पहिला अग्रलेख प्रत्येक पत्रकारिता विभागाच्या पहिल्या सत्रात अभ्यासाला असला पाहिजे, ही मागणी घेऊन विद्यार्थ्यांनी आपापल्या विभागप्रमुखांकडे गेले पाहिजे. जाताना रिकाम्या हाताने जाऊ नका. वर सांगितलेली मोजदाद करून, कागद घेऊन जा. पुन्हा कोणी म्हणाले की जात शोधू नका, तर तो कागद पुढे ठेवा आणि सांगा : शोधावी लागली नाही, फक्त मोजली.

जय भीम!